झाकणाखालचं पाणी

वैशाख लागला की इतरांकडे आंब्याच्या पेट्या येतात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जेसीबी येतो. दोन्ही वासावरून कळतात. आंब्याचा वास घरभर होतो, उकरलेल्या रस्त्याचा गल्लीभर. यंदा जेसीबी कालच आला. पावसाळ्याच्या आधी गटारं उपसायची, गळके जोड बदलायचे, खचलेली चेंबरं उचलून घ्यायची, अशी आमच्या नगरची वार्षिक डागडुजी सुरू झाली आहे. आमचे हे सकाळीच खुर्ची ओट्यावर टाकून, चहाचा कप हातात घेऊन बसले. निवृत्त माणसाला खोदलेल्या रस्त्यासारखा विरंगुळा नाही. तिकीट नाही, मध्यंतर नाही, आणि खड्ड्यातल्या माणसाला वरून सूचना करायला कुणाची बंदी नाही.

ओवी, माझी नात, सुट्टीला आली आहे. ती दिवसभर गल्लीत धावते. पण आमच्या दारासमोर रस्त्यात एक चौकोनी लोखंडी झाकण आहे, त्याच्यावर ती पाय देत नाही. पळता पळता जवळ आली की वळसा घालते आणि पुन्हा पळते. तिला कुणी दटावलेलं नाही. तिची आई तसं करते, म्हणून तीही करते. काल जेसीबीवाल्यानं मला विचारलं, "पोरगी घाबरती का काय झाकनाला?" मी म्हटलं, घाबरत नाही, मान देते. त्याला ते पटलं नसावं. त्यानं नुसती मान हलवली आणि गिअर टाकला.

मला स्वतःला खोदलेला रस्ता आवडतो. हे चारचौघांत सांगायची सोय नाही. सगळे धुळीच्या, खोळंब्याच्या, गाडी कुठं लावायची याच्या तक्रारी करत असतात, आणि मी कडेला उभी राहून आत बघत असते. वर्षानुवर्षं ज्याच्यावरून आपण दूध आणायला गेलो, मतदानाला गेलो, ज्याच्यावरून आपली वरात आली, त्याच्या पोटात काय चाललं आहे हे बघायला मिळतं. ही खोड मला एका उन्हाळ्यानं लावली. त्याच्या आधी मीही तुमच्यासारखीच नाकाला पदर लावून घाईघाईनं पलीकडे जाणारी होते.

त्या उन्हाळ्यात माझी लेक प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी पोस्टातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि काउंटरवर वर्षानुवर्षं साठवलेला सगळा हुकूम आता तिच्यावर चालवायचा बेत होता. डिंक आणून ठेवला होता. तेल लावायला येणाऱ्या बाईला सांगून ठेवलं होतं. माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढून चिंचेनं घासून लख्ख केला होता, कारण बाळंतपण म्हणजे निम्मं पाणीच असतं. बाळंतिणीच्या पाठीवर कढत पाण्याचे तांब्यांवर तांबे ओतायचे, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, लंगोट धुवायचे, शेक द्यायचा, पुन्हा धुवायचं. माझ्या आईनं माझं केलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत सदा ओले असत. तेच हात मला आता आपले करून घ्यायचे होते. याहून मोठी इच्छा मला त्या वर्षी नव्हती.

आता आमच्या गल्लीतल्या पाण्याबद्दल सांगायला हवं. ते दिवसाआड येतं, दुपारी. मुळा धरणातून निघतं, पंपानं चढतं, टाकीत विसावतं, मग पेठापेठांतून फिरत आमच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याच्यात फारसा दम उरलेला नसतो. पूर्वी तर ते ओट्यावरच्या नळाला चढायचंच नाही. मग आम्ही गल्लीकरांनी डोकं चालवलं. पाणी वर येत नाही, तर नळ खाली न्यायचा. प्रत्येकानं दारासमोर खड्डा खणला, आतून विटा लावल्या, तळाशी तोटी बसवली आणि वर फरशी ठेवली. पाणी यायच्या वेळेला फरशी सरकवायची, खाली उतरायचं आणि बादल्या भरून वर द्यायच्या.

पण समोरच्याचा खड्डा आपल्यापेक्षा वीतभर खोल झाला की आपली धार बारीक व्हायची. मग आपण हातभर खाली. मग तो आणखी. समोरचे गवारेभाऊजी मूळचे शेवगावकडचे, बी-बियाण्यांचे दुकानदार आणि आमच्या ह्यांचे जुने मित्र. दोघं संध्याकाळी एका बाकावर बसून राजकारण निकालात काढायचे आणि उन्हाळा आला की एकमेकांपासून लपवून खड्डा खोल करायचे. भाऊजींनी तर एकदा सत्यनारायणाच्या मांडवाआड गवंडी लावला होता. ह्यांना ते प्रसाद घेताना कळलं, आणि हे तो प्रसाद तसाच हातात धरून घरी आले. खड्ड्यात उतरायला आधी एक पायरी होती, त्या उन्हाळ्यापर्यंत छोटी शिडी लागायला लागली होती.

वास आधी आला तो शेजारच्या रुखसानाभाभींना. त्यांचं नाक फार तिखट. दुपारी त्या पेला घेऊन आल्या आणि माझ्या नाकाशी धरला. पाणी दिसायला स्वच्छ होतं. वास मात्र होता, अगदी पुसट, तुंबलेल्या मोरीचा. मी म्हटलं, पाइपाचा असेल. पुढच्या पाण्याला तो पुसट राहिला नाही. आम्ही पाणी उकळायला लागलो, प्यायला विकतचे जार आणायला लागलो. आणि मग गवारेभाऊजींच्या सुनेचे, सुनीताचे डोळे पिवळे झाले. तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं.

आमच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. प्राजक्ताला तपासून झाल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की गरोदर बाईला कावीळ झाली तर ती साधी राहत नाही, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकते. पिण्याचं पाणी उकळाल, पण अंघोळीचं, भांड्यांचं, चूळ भरायचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी घरी आले आणि घासूनपुसून ठेवलेल्या बंबाकडे बघत बसले.

चिंचवडहून माझ्या विहीणबाईंचा फोन रोज यायचा. त्यांना बातमी लागलीच. त्या आवाज चढवणाऱ्या नाहीत, तेच जास्त कठीण जातं. शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. रविवारी मी गाडी घेऊन येते. बाळंतपण इकडंच करू." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि मला रडू आलं. त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि माझ्या लेकीला माझ्या घरातून जावं लागणार होतं ते पाणी वाईट म्हणून. माणसांनी काढलं असतं तर भांडले असते. पाण्याशी कसं भांडायचं?

तक्रार केल्यावर पाण्याच्या ऑफिसातून एक इंजिनियर मॅडम आल्या. वयानं आमच्या प्राजक्ताएवढ्या, स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. बरोबर आमच्या भागाचा व्हॉल्वमन भानुदास, खांद्यावर त्याची ती लांबलचक लोखंडी किल्ली. मॅडम एकेका खड्ड्यात स्वतः उतरल्या. पाणी येऊन गेलेलं नसतानाही प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी काळं पाणी साठलेलं होतं आणि तोट्या त्यात बुडालेल्या होत्या. मॅडमनी सांगितलं की व्हॉल्व बंद झाला की लाइन रिकामी होते आणि रिकामी लाइन उलटं ओढते. तोटी घाणीत बुडालेली असली तर घाणच ओढते. पुढच्या पाण्याला तीच आपल्या हंड्यात. हे ऐकल्यावर गल्लीतला प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खड्ड्याकडे बघायला लागला.

पण खड्ड्यांत हे काळं पाणी येत होतं कुठून? वरून तर थेंब पडत नव्हता आणि गटार पार घरांच्या मागच्या अंगानं जात होतं. मॅडम म्हणाल्या, उघडून बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारासमोर रस्ता फोडायला माणसं आली. त्यांचा म्होरक्या सोपान, पाथर्डीकडचा, मानेभोवती उपरणं गुंडाळलेला, बोलायला अगदी काटकसरी. त्यानं जेसीबी कोपऱ्यावरच उभा करून ठेवला. जुन्या गल्लीत हातानंच खोदायचं, असा त्यांचा दंडक आहे. प्राजक्ता दारात पाय पसरून बसली होती, मी तिच्या शेजारी. ती म्हणाली, "आई, आज टीव्ही नको."

आणि मग मी पहिल्यांदा रस्ता बघितला.

वर डांबर, त्याखाली आणखी डांबर, त्याखालीही डांबर. प्रत्येक थर कुठल्या तरी निवडणुकीच्या आधीचा, असं हे म्हणाले. मग खडी. मग काळ्या पाषाणाची फरसबंदी, अजून जागच्या जागी. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्या याच दगडांवरून, असं त्या सांगायच्या. मला ती गोष्ट वाटायची. फरसबंदीखाली मुरूम, त्यात टेलिफोनची मेलेली केबल. बाजूला घराघरांत जाणाऱ्या बारीक नळ्या, एकमेकींच्या वरून खालून गेलेल्या, आणि सोपानची माणसं एकीलाही धक्का न लावता त्यांच्यामधून माती काढत होती. त्याखाली बिडाची जाडजूड मुख्य लाइन, गंजून काळी पडलेली आणि हात लावला तर गार. एवढ्या उन्हात गार. हे सगळं मी रोज ओलांडत होते. आपण ज्याला रस्ता म्हणतो ते नुसतं वरचं पांघरूण आहे, खरं गाव खाली आहे, आणि ते कधी झोपत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दुपारकडे सोपानची पहार कशाला तरी टेकली. आवाज दगडाचा नव्हता आणि लोखंडाचाही नव्हता. त्यानं पहार बाजूला ठेवली आणि बाकीच्यांना हातानं थांबवलं. खाली बसून बोटांनी माती काढली. पांढरट चुन्याचा एक लांब ओटा दिसायला लागला, आमच्या खड्ड्याच्या विटांना अगदी खेटून गेलेला. एका जागी चुना निखळला होता आणि आत भाजलेली माती दिसत होती, लाल, गोल.

सोपान म्हणाला, "मॅडम, हे आपल्या हातचं न्हाई."

तो खापरी नळ होता. नगरच्या माणसाला हा शब्द माहीत असतो. निजामशाहीत या शहराला डोंगराच्या पायथ्याकडून पाणी आणलं होतं, ते मातीच्या भाजलेल्या नळ्यांतून. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. कोसच्या कोस. शाळेत आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरून गेलो. तो नळ माझ्या दारात असेल असं कधी मनात आलं नव्हतं. एक नळी सुटी झालेली होती, ती सोपाननं दोन्ही हातांनी वर दिली. एका तोंडाशी रुंद, दुसऱ्या तोंडाशी निमुळती, म्हणजे एकीत दुसरी बसावी. मी आत हात घातला. आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांचे वळसे होते. माझी बोटं त्या वळशांत बसली. हा माणूस कोण, कुठला, त्याला पोटभर मिळत होतं की नाही, काही माहीत नाही. त्याच्या चाकावर ओली माती फिरत असताना त्याचं बोट जिथं टेकलं, तिथं आज माझं बोट होतं. मी ती नळी रुखसानाभाभींच्या हातात दिली. त्यांनीही आत हात घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. त्या फक्त "या अल्ला" म्हणाल्या, तेही हळू.

आणि त्याच नळातून काळं पाणी पाझरत होतं.

मॅडमनी खात्री करायचं ठरवलं. गवारेभाऊजींच्या घरात रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग होता, तो त्यांनी आणून दिला. भानुदासनं तो गल्लीच्या वरच्या टोकाच्या ड्रेनेजच्या चेंबरात बादलीभर पाण्यात कालवून ओतला. आम्ही सगळे खड्ड्याभोवती उभे राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. भाऊजी म्हणालेही की रंग जुना हाय. मग त्या लाल नळीच्या तोंडाशी हिरवा ओघळ आला. बघता बघता आमच्या खड्ड्याचा तळ हिरवा झाला. मग भाऊजींचा. मग भाभींचा.

सगळा उलगडा झाला. कुठल्या तरी काळात कुणीतरी ड्रेनेजचा पाइप टाकताना वरच्या टोकाला या नळावरून आडवा नेला होता. तो जोड आता फुटला होता आणि घाण या नळात उतरत होती. आणि आम्ही सगळे, पाण्याच्या चढाओढीत वीत वीत, हात हात खाली जात, नेमके त्याच नळाच्या अंगाला भिडलो होतो. त्याचा चुना आमच्याच पहारींनी खिळखिळा केला होता. मला राहून राहून नवल वाटत होतं ते त्या नळाचं. एवढी राज्यं आली नि गेली, त्याच्यावर दगड पडले, डांबर पडलं, ट्रक गेले, सगळे त्याला विसरले. आणि त्याच्या तोंडाशी पाणी आलं, तसं त्यानं ते पोचवलं. चांगलं की वाईट हे बघणं त्याचं काम नव्हतं. काय घालायचं ते आमच्या हातात होतं.

ड्रेनेजचा जोड त्याच संध्याकाळपर्यंत नवा झाला. खापरी नळाची दोन्ही तोंडं बंद करायची ठरली. पण मॅडमनी आम्हाला ओट्यावर जमवून सांगितलं की खड्डे राहिले तर आज इथून आली तशी घाण उद्या दुसरीकडून येईल. सगळे खड्डे बुजवा, सगळ्यांचे नळ रस्त्याच्या वर एकाच उंचीवर घ्या, मग आहे तेवढं पाणी सगळ्यांना मिळेल. एकाचा जरी खड्डा राहिला तरी सगळं पाणी त्याच्याकडे जाईल आणि बाकीचे कोरडे. ह्यांनी विचारलं, सक्ती का करत नाही? मॅडम म्हणाल्या, "नोटीस काढते काका. पण तिला महिना जाईल. तुमच्याकडं महिना आहे का?" असं म्हणून त्यांनी प्राजक्ताकडे बघितलं. तिचा नववा भरत आला होता.

मुरुमाची ट्रॉली आली. प्रत्येकाच्या दारात ढीग पडला. गल्लीत सगळे तयार होते, शेजाऱ्याच्या नंतर. गवारेभाऊजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आमी बुजवतो की. पन आदी तुमचा होऊ द्या." ह्यांनी फावडं उचललं आणि परत ठेवलं. मला त्यांचं मन कळत होतं, कारण माझंही तेच होतं. आधी आपला बुजवला आणि उरलेल्यांनी शब्द फिरवला, तर घरात लेक बाळंत व्हायची आणि नळाला टिपूस नसायचं. आणि कुणीच नाही बुजवला, तर रविवारी गाडी येणारच होती. उन्हं कलायला लागली तरी फावडी तशीच पडून होती.

तेवढ्यात प्राजक्ता ओट्याच्या पायऱ्या उतरली. एक हात भिंतीला, एक पोटाला. मी ओरडणार होते, पण ती खाली पायरीवर बसली आणि पायानं मुरुमाचा ढीग खड्ड्यात लोटायला लागली. तोटीवर मुरूम पडल्याचा आवाज झाला.

"अगं, थांब जरा," हे म्हणाले. "त्यांचा होऊ दे."

"बाबा, मला इथंच राहायचंय. बुजवा."

ह्यांनी फावडं घेतलं. मी घमेलं घेतलं. आमचा खड्डा अर्धा भरेपर्यंत गल्लीत फक्त आमच्याच मुरुमाचा आवाज होता, आणि तेवढा वेळ मला पोस्टातल्या सगळ्या नोकरीपेक्षा लांब वाटला. मग समोरच्या दारात सुनीता आली. दवाखान्यातून आदल्या दिवशीच सोडलेली, चेहरा उतरलेला, डोळ्यांत अजून पिवळी झाक. तिनं सासऱ्यांच्या पायाशी पडलेलं घमेलं उचललं. भाऊजींनी ते तिच्या हातातून घेतलं आणि मान खाली घालून भरायला लागले. भाभींकडचं फावडं वाजलं. मग पलीकडचं. मग गल्लीभर. दिवस मावळायच्या आत सगळे खड्डे बुजले होते आणि सोपानची माणसं एका दोरीत सगळ्यांच्या तोट्या बसवत होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुणाची वर नाही, कुणाची खाली नाही.

पाण्याचा दिवस उजाडला. जिथं रस्ता खोदला होता तिथं मॅडमनी विटांचं चेंबर बांधून घेतलं होतं आणि त्यात गल्लीचा नवा व्हॉल्व बसवून वर चौकोनी लोखंडी झाकण घातलं होतं. बांधताना सोपाननं खापरी नळाचं तोंड सिमेंटनं बंद केलं, पण नळ फोडला नाही. चेंबरच्या भिंतीत त्याची लाल कडा तशीच ठेवली. मॅडमनी ते बघितलं आणि तसंच राहू दिलं. भानुदासनं आधी लाइन धुऊन काढली. गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी मोकळं सोडलं, ते आधी काळं, मग मातकट, मग दुधासारखं, मग स्वच्छ. त्यानं औषध घातलं, पुन्हा सोडलं. मग म्हणाला, आता नळ उघडा.

आधी तोट्यांतून नुसती हवा आली, फुसफुस करत. आम्ही बायका आपापल्या नळाशी हंडे लावून बसलेल्या. मी समोर बघितलं, सुनीतानं मान हलवली, नाही. भाभींकडे बघितलं, नाही. मग माझी तोटी थरथरली. आणि गल्लीतले सगळे नळ एकदम सुरू झाले. एकदम. त्याआधी कधी असं झालं नव्हतं, कायम कुणाचा तरी आधी, कुणाचा तरी नंतर आणि कुणाचा तरी नाहीच. धार मोठी नव्हती. करंगळीएवढी, पण सगळ्यांची सारखी. रिकाम्या हंड्यांत पाणी पडायचा आवाज दोन्ही बाजूंनी आला आणि हंडे भरत आले तसा तो बदलत गेला. भाभी पेला घेऊन आल्या, माझ्या नाकाशी धरला. औषधाचा वास होता, दुसरा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडंही भरलेलं होतं.

मॅडमनी तपासायला नेलेल्या बाटलीचा निरोप शनिवारी आला, पाणी पिण्यालायक. रविवारी विहीणबाई गाडी घेऊन आल्याच. मी त्यांना जारमधलं पाणी दिलं. त्यांनी तांब्या-भांडं बाजूला ठेवलं, नळापाशी गेल्या, भानुदासला समोर उभं करून परीक्षानळीतल्या पाण्यात थेंब टाकायला लावले आणि औषध उतरल्याचा पिवळा रंग बघून घेतला. मग नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायल्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "राहू दे तिला इथं." एवढंच. गाडी रिकामी परत गेली. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण विहिणीच्या पाया पडायचं म्हणजे अवघडच, म्हणून मी त्यांना दोन किलो पेढे दिले.

ओवी पुढच्याच आठवड्यात झाली. बंब पेटला. प्राजक्ताच्या पाठीवर मी तांब्यांवर तांबे ओतले, वाफेत ती दिसेनाशी व्हायची. ओवीला पायांवर घेतलं की ती आधी रडायची आणि कढत पाण्याची धार अंगावरून गेली की गप्प व्हायची. माझे हात कोपरापर्यंत ओले असायचे. प्रत्येक तांब्याबरोबर मला खालचं सगळं आठवायचं. ते धरण, ती टाकी, ती गार बिडाची लाइन, भानुदासची किल्ली, सोपानची बोटं. एवढं सगळं एकमेकांच्या हाती हात देत आलं तेव्हा तांब्याभर पाणी माझ्या नातीच्या अंगावर पडत होतं. त्याआधी सारं आयुष्य मी नळ सोडत आणि बंद करत आले होते, आणि याचं मला एकदाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

सव्वा महिना झाला. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाते, विहिरीला हळदकुंकू वाहते, खणानारळानं ओटी भरते आणि मग घरातल्या पाण्याला हात लावायला मोकळी होते. विहीणबाई त्यासाठी मुद्दाम आल्या होत्या, ताटात सगळं मांडून तयार. दारात येऊन मला म्हणाल्या, "विहीर कुठंय तुमच्याकडं?"

आमच्या गल्लीत विहीर नाही. कुठल्या तरी देवळामागची बुजलेली विहीर सांगणार होते मी. पण प्राजक्ता बाळाला घेऊन पायऱ्या उतरली आणि दारासमोरच्या त्या लोखंडी झाकणापाशी जाऊन उभी राहिली. विहीणबाईंनी झाकणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सांगितलं की याच्याखाली आमच्या गल्लीचं पाणी आहे, आजचं आहे आणि निजामशाहीतलंही होतं. मग त्यांनीच खाली वाकून पदरानं झाकणावरची धूळ पुसली.

प्राजक्तानं हळदकुंकू वाहिलं. लोखंडावर ते छान उठून दिसलं. रुखसानाभाभींनी ओवीला धरलं होतं. गवाऱ्यांच्या टेम्पोला बाहेर पडायचं होतं, भाऊजींनी इंजिन बंद केलं. आणि पाणी सोडायची वेळ झाली म्हणून भानुदास आला होता, तो खांद्यावरची किल्ली खाली टेकून, चप्पल काढून, आमचं होईपर्यंत भिंतीशी उभा राहिला. खण ठेवून झाला, नारळ ठेवून झाला. प्राजक्तानं झाकणाला हात लावून कपाळाला लावला.

भानुदासनं विचारलं, "झालं का ताई? सोडू का मग पानी?"

प्राजक्तानं नारळ आणि खण अलगद उचलून बाजूला घेतले, त्याला जागा करून दिली आणि म्हणाली, "सोडा."